जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंगवून घेऊ नका

महोदय,

चतुर्थीआधी घराची साफसफाई निघते आणि कपाटातून आजोबांचे एखादे ओमेगा, टिसॉ किंवा फेवरलुबा बाहेर येते. पोर्तुगीज राजवटीत परदेशी माल गोव्यात सहज मिळायचा. पुढे बोटीवर आणि आखातात नोकरीला गेलेल्यांनीही घड्याळे आणली. अशी चावीची स्विस घड्याळे आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत आहेत. ती दुरुस्तीला जातात आणि परत येतात तेव्हा तबकडी नव्याने रंगवलेली असते, केस, म्हणजे घड्याळाचे धातूचे कवच, आरशासारखी घासलेली असते. घरचे खूश होतात, पण घड्याळातले सर्वांत मोलाचे तेच गेलेले असते.

स्विस घड्याळाचे मोठेपण मशीनमध्ये आहे तितकेच त्याच्या रेषांमध्ये आहे. 1931 चे रिव्हर्सो हे घड्याळ हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी घडले. चेंडूने काच फुटू नये म्हणून त्याची केस उलटी फिरते. 1953 मध्ये ब्लांपां कंपनीने फिफ्टी फॅदम्स केले ते खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी, म्हणून काळी तबकडी, ठळक खुणा आणि फिरती कडा. 1972 मध्ये बाजारात आलेले रॉयल ओक जेराल्ड जेंटा यांनी ओडेमार पिगे कंपनीसाठी रेखाटले: 39 मिलिमीटरची पोलादी केस, अष्टकोनी कडा, वर दिसणारे आठ स्क्रू आणि किंमत सोन्याच्या घड्याळाला शोभेल अशी. नंतर बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत अनेक कारखाने बंद पडले. उरलेल्या कंपन्या आज पुन्हा 1950-60 च्या दशकांतल्या आकारांकडे वळल्या आहेत. ओमेगाने 2017 साली आपली 1957 ची तीन मॉडेल पुन्हा काढली, तेव्हा मूळ घड्याळांचे डिजिटल स्कॅनिंग करून मापे घेतली. असे काम न बिघडवलेल्या मूळ घड्याळांवरच होऊ शकते, आणि आपण तीच पुसून टाकतो आहोत.

तबकडी रंगवताना जुने लॅकर रसायनाने काढतात, पितळी पत्रा घासतात आणि वर नवा रंग व छपाई करतात. मूळ छपाईची रेघ केसासारखी बारीक असते. नवी जाड येते, अक्षरांची टोके पसरतात. मिनिटांच्या रेघा आणि वर बसवलेल्या खुणा एका ओळीत राहत नाहीत. सहाखालची ‘स्विस मेड’ ही अक्षरे गायब होतात किंवा कडेखाली अर्धी कापली जातात. भडक निळ्या-केशरी तबकडीचे जुने घड्याळ ‘ओरिजिनल’ म्हणून कोणी विकत असेल, तर भिंगातून आधी हे तपासावे. पिवळसर पडलेली, थोडे डाग असलेली मूळ तबकडी संग्राहकांना रंगवलेल्या तबकडीपेक्षा कितीतरी अधिक हवी असते. शिवाय 1960 च्या दशकापर्यंत चमकणाऱ्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम वापरत. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे आहे. ती भुकटी खरवडणे कारागिराच्या फुप्फुसांना घातक आहे.

पॉलिशचेही तसेच. पट्टा धरणाऱ्या शिंगांना कारखान्यात धारदार कडा दिलेल्या असतात. बफिंगच्या चाकावर त्या गोल होतात आणि घासून गेलेला धातू परत येत नाही. सोन्याचा मुलामा बहुधा 20 मायक्रॉन किंवा त्याहून कमी जाडीचा असतो. एकदोनदा घासले की शिंगांच्या टोकांना खालचा धातू दिसू लागतो.

घड्याळाला खरी गरज असते ती आतल्या सफाईची. मशीन पूर्ण सुटे करून धुवायचे, मग तेल द्यायचे: वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या टोकांना पातळ, संथ चाकांना आणि चावीच्या भागांना दाट. वाळलेल्या तेलावर नुसता नवा थेंब सोडला तर मळ आणखी घट्ट होतो आणि टोके झिजतात. काम नीट झाले का, हे टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, कळते. पूर्ण चावी दिलेले, तबकडी वर ठेवलेले मशीन 270 अंशांच्या आसपास झोका (आतले झुलते चाक किती फिरते ते) दाखवत असेल तर उत्तम; 200 च्या खाली असेल तर काम अर्धवट राहिले असण्याची शक्यता आहे. मात्र यंत्रावर त्या मशीनचा लिफ्ट अँगल, म्हणजे झोका मोजताना धरायचा त्या मशीनचा ठरलेला कोन, नीट घातलेला हवा. यंत्रात बहुधा 52 अंश आधीच घातलेले असतात, तर जुन्या ओमेगांना बऱ्याचदा 49 लागतात. तो तसाच ठेवला तर आकडा फसवा येतो.

आपल्या हवेत सर्वांत लवकर जाते ते रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी-हवा आत येऊ न देणारी रिंग. ते कडक झाले की दमट, खारट हवा आत शिरते आणि चावीच्या दांडीपासून गंज सुरू होतो. दर सर्व्हिसिंगला ते बदलून घ्यावे. मागच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेले असले तरी साठ वर्षांपूर्वीचे घड्याळ मिरामारला समुद्राच्या पाण्यात नेऊ नये. काचेखाली धुके दिसले तर उन्हात किंवा तांदळात ठेवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून वाळवून घ्या. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत ठेवावे आणि दाण्यांचा रंग बदलला की ते बदलावेत. चामड्याचा पट्टा वेगळा काढून ठेवावा, कारण बुरशी आधी तिथेच धरते.

घड्याळ देताना पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: ‘तबकडी रंगवू नये, काटे बदलू नयेत, केस पॉलिश करू नये, काढलेले भाग परत द्यावेत.’ कंपनीच्या अधिकृत केंद्रातही हे सांगावे लागते, कारण तिथे जुनी तबकडी आणि काटे बदलून नवे बसवण्याची आणि केस पॉलिश करण्याची पद्धत असते. काटा किंवा चावी बदलणे भागच असेल, तर जुना भाग छोट्या पाकिटात घालून घड्याळासोबतच ठेवा. आणि आपल्या घड्याळ दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना विनंती: गिऱ्हाईक ‘नव्यासारखे करून द्या’ म्हणाले, तर काम घेण्यापूर्वी त्याला मूळ तबकडीची किंमत समजावून सांगा.

– एक घड्याळप्रेमी वाचक, म्हापसा