सूचना : लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी रिकव्हरी की काढून ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार.

खानापूर, निपाणीकडून बेळगावात लॅपटॉप दुरुस्तीला आणणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ड्राइव्ह एन्क्रिप्शन (डिस्कवरची सगळी माहिती कुलूपबंद करणं) बहुधा आपोआप चालू होतं. ते चांगलंच आहे. लॅपटॉप चोरीला गेला तरी शेताचे उतारे, मुलांचे दाखले परक्याला उघडता येत नाहीत. पण मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलला की निळा पडदा रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा ४८ आकडी क्रमांक, मागतो. ती नसेल तर दुकानदाराचाही इलाज चालत नाही, सगळं गेलंच समजा.

ही की बहुतेकांना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत मुळीच नको.

एन्क्रिप्शन बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोजच्या प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनलमधलं बिटलॉकर (तिथे एन्क्रिप्शनचं हे नाव). नुसतं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर बिटलॉकर 'सस्पेंड', म्हणजे तात्पुरतं थांबवलेलं, केलं तरी पुरतं. पूर्ण बंद व्हायला काही तासही लागतात. चार्जर लावून ठेवा, पावसात लाईटचा भरवसा नाही. दुरुस्ती झाली की पुन्हा चालू करा.

अडलं तर इथे जरूर विचारा, मात्र कीचा फोटो ग्रुपवर टाकू नका.