ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र : झाडू दिलात, आता हिशोबाची वहीपण द्या

मा. ग्रामविकास मंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

साहेब, मी मराठवाड्यातल्या एका छोट्या गावची, सध्या नोकरीसाठी पुण्यात असते पण मतदार यादीत नाव अजून गावातच आहे. तुमचं खातं ज्या ग्रामसभेवर उभंय तिच्याबद्दल बोलायचंय.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, साधारण याच तारखांना सभा असते. आमच्याकडे झेंडावंदन झालं की शाळेतल्या पोरांना खाऊ देऊन घरी पाठवतात आणि मग पारावर पंधरा-वीस माणसं उरतात, त्यात तिशीच्या आतलं कोणी दिसलं तर नशीब. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जो आकडा कमी असेल तो, तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. माझ्या आईने भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने सही केलीय, ठराव कसला होता हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

आता तरुणांना बोलवतच नाही असं नाही हां. बोलवतात ना, मतदार जागृतीची रॅली असली की, स्वच्छता पंधरवडा असला की. एनएसएस म्हणजे कॉलेजांतली राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे, मीही कॉलेजात असताना सात दिवसांच्या शिबिरात शोषखड्डे खणलेत, गटारं साफ केलीत, आणि ते काम मला मनापासून आवडलं होतं. पण त्या सात दिवसांत त्या गावाचा विकास आराखडा कुणी आमच्यासमोर उघडला नाही. केंद्राकडून पंधराव्या वित्त आयोगाचे किती पैसे आले, त्यातले बंधित म्हणजे फक्त पाणी-स्वच्छतेसाठीच वापरायचे किती, अबंधित म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठीचे किती, कशावर खर्च झाले, काहीच नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर हे सगळं दिसतं हे मला नोकरीला लागल्यावर कळलं! श्रमदानाला आम्ही चालतो, मग हिशोब विचारायला का नाही चालत?

आणि पोरांना गावात इंटरेस्ट नाही हे मला अजिबात पटत नाही. गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा. तिथे लोक अभ्यास गटात बसून आधी विषय समजून घेतात, मग ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलतात. 2009 मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो अशा तयारीवर. आमच्या गावातली पोरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकीच्या गळतीवरून रात्री बारापर्यंत भांडतात, पण सभेत उभं राहिलं की "तू कालचं पोरगं, खाली बस".

बायकांना मुख्य सभेत बोलू देत नाहीत हे शासनाला कळलं तेव्हा ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायद्यातच आणलं. काही गावांत तीही कागदावर उरकतात हे खरंय, तरी जिथे नीट होते तिथे बायका मुद्दे ठरवून येतात आणि मग मुख्य सभेत बोलतातच. तशीच युवा सभा आणा ना साहेब. 16-17 वर्षांच्या मुलामुलींनाही बसू द्या, मत नसू दे पण बोलता यायला हवं, एक-दोन वर्षांनी तेच मतदार होणारेत. तिथे झालेले मुद्दे मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर घेणं ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीच्या ग्रामसेवकावर) बंधनकारक करा, नाहीतर निवेदन स्वीकारलं, फोटो काढला, संपलं असं होईल.

तारखेचंही बघा. आमच्यासारखे शिकायला, कामाला बाहेर असलेले सगळे दिवाळीत गावी असतात, तेव्हा एकही सभा नसते. नोटीस ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागते, ती पुण्यात बसून कशी दिसणार, ग्रुपवर आराखड्यासकट टाकली तर खर्च शून्य आहे.

2 ऑक्टोबरच्या आधी तुमच्या खात्याने एवढा जीआर काढला तर येत्या दिवाळीत पहिली युवा सभा घेता येईल. आमच्या गावातली पोरं तयार आहेत, मी विचारूनच लिहितेय.

आपली,
गावची एक मतदार