ओंकार, शाई बघत जा

सातारा, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन मी मधेच ठेवला. तू म्हणालास, "आई, तूही त्यांच्यातलीच ना," आणि मला पुढचं ऐकवेना. माई म्हणाली, पत्र लिही, फोनवर तुम्ही दोघं एकमेकांना बोलूच देत नाही.

आधी एकच सांगते. रात्री तुझी गाडी पोलिसांनी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. खिशात हात घालू नकोस. लायसन्स कुठे आहे ते तोंडाने सांग, ते हो म्हणाले की मग काढ. आता हा विषय परत काढत नाही.

कंपनी सोडून तू बाल्टिमोर पोलिसांवर कोर्टाच्या वतीने देखरेख ठेवणाऱ्या मंडळींकडे लागलास, हे ऐकून माझ्या तोंडून "पोलिसांच्या वाटेला जाऊ नकोस" असं गेलं. एकतीस वर्षं खाकी अंगावर होती म्हणूनच गेलं. पण त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा संकेतकडून मोबाइलवर सगळं काढून घेतलं आणि वाचत बसले.

तुमच्या बाल्टिमोरच्या फ्रेडी ग्रेचं वाचलं. पंचवीस वर्षांचा पोरगा. १२ एप्रिल २०१५ ला धरला, हातापायांत बेड्या घालून व्हॅनमध्ये टाकला, पट्टा लावला नाही. मणक्याला मार बसला आणि १९ तारखेला गेला. सहा पोलिसांवर खटले, शिक्षा एकालाही नाही. मग तिथल्या न्याय खात्याचा ऑगस्ट २०१६ चा अहवाल. जानेवारी २०१० ते मे २०१५ मध्ये तीन लाखांहून जास्त वेळा रस्त्याने चालणाऱ्या माणसांना अडवलं, आणि शंभरातल्या चार वेळाही त्यातून दंड किंवा अटक निघाली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या एका काळ्या माणसाला चार वर्षांच्या आत तीस वेळा थांबवलं, गुन्हा एकदाही नाही. ही ओळ मी संकेतला दोनदा वाचायला लावली. एकतीसाव्या वेळी तो माणूस वैतागून उलट बोलला असता तर? तुलाही पटकन राग येतो, अगदी तुझ्या बाबांसारखा. म्हणून म्हणते, हात वर दिसू देत.

तिथल्या कोर्टाचे न्यायाधीश ब्रेडार यांचं मला फार कौतुक वाटलं. सरकार बदललं, नव्या न्याय खात्याने थांबा म्हणून मुदत मागितली, त्यांनी दिली नाही आणि ७ एप्रिल २०१७ ला बाल्टिमोर पोलिसांना सुधारण्याच्या करारावर सही केली. करार शहराचा आणि न्याय खात्याचा, पण सही झाल्यावर तो कोर्टाचा हुकूम झाला. आणि २०२५ मध्ये त्यातला कैदी नेण्याचा भाग पूर्ण झाला म्हणून देखरेखीतून मोकळा केला. म्हणजे ज्या व्हॅनपासून हे सुरू झालं, तिचं एक काम मार्गी लागायला आठ वर्षं गेली. लोक म्हणत असतील, किती हा वेळ. मला तसं वाटलं नाही.

आपल्याकडे काय झालं ते मी नोकरीत असताना पाहिलंय. २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलीस सुधारणेसाठी सात आदेश दिले. त्यातला एक असा की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्यात आणि जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण हवं. अंमलबजावणी बघायला न्यायमूर्ती थॉमस यांची समिती नेमली आणि २०१० ला समितीने राज्यांच्या बेफिकिरीवर खेद नोंदवला. आमच्या ठाण्यात त्या सात आदेशांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्याच्याही आधी, अटकेतल्या माणसाला कसं वागवायचं याबद्दल सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा बसू निकाल आला तेव्हा अकरा सूचनांचा बोर्ड मात्र लागला होता. अटक केली की नातेवाइकाला कळवा, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करा. रंगाऱ्याने निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सुरेख लिहिला होता. तो टांगला ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागे. खुर्चीत बसणाऱ्याची कायम बोर्डाकडे पाठ.

तपासणी कशी होते तेही ऐक. मोठ्या साहेबांची वार्षिक तपासणी ठरली की आठ दिवस आधी भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू, मुद्देमालाच्या खोलीत झाडू. आणि रात्री बसून रजिस्टरं. महिनोन्महिने राहिलेल्या नोंदी दोन रात्रींत पुऱ्या करायच्या. मीही केल्यात. तारखा सहा महिन्यांच्या, पेन एकच. साहेब पानं उलटायचे, खाली सही करायचे. शाईकडे कुणी बघितलं नाही. तू शाई बघ. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, नोंदीवर वेळ कोणती घातली आणि ती खरी टाइप कधी झाली हे निघतं, असं तूच मला सांगितलं होतंस. दोन्हींत अंतर दिसलं तर तिथे थांब. आणि सांगून जाऊ नका रे, सांगून गेलात की चुनाच बघायला मिळेल.

शिकवायला लागले बघ. माफ कर. तुला कळतं सगळं.

पण मला हे कसं माहीत ते सांगायचं राहिलंय, आणि पत्र त्यासाठीच आहे. १९९८ चा श्रावण. तू तिसरीत होतास, तुला गोवर झाला होता आणि मी तुला माईकडे ठेवून रात्रपाळीला गेले होते. जेवणाच्या वेळेला एका पोराला आणलं, एकोणीस वर्षांचा असेल. मागच्या खोलीत नेला. थोड्या वेळाने त्याची आई आली, फडक्यात बांधलेला डबा घेऊन. डबा आत घेता येईना, कारण कागदावर तिचा मुलगा ठाण्यात नव्हताच. ती पायरीवर बसली. रात्रभर बसली. मागून आवाज येत होते, ते तिलाही ऐकू येत होते आणि मलाही. पहाटे साहेब म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी डायरीला नोंद घेतली, अटक सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

तो चौथ्या दिवशी जामिनावर सुटला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. राजवाड्याजवळ सायकली दुरुस्त करतो, मला मावशी म्हणतो. ते अक्षर कोणाचं हे त्याला माहीत नाही. तुझ्या बाबांनाही मी कधी सांगितलं नाही.

तेव्हा, हो, मी त्यांच्यातलीच आहे. तू म्हणालास ते खरं आहे, म्हणून तर मी फोन ठेवला.

न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांनी एक प्रशिक्षण सुरू केलंय म्हणे. बरोबरच्या माणसाचा हात सुटतोय असं दिसलं की त्याला तिथल्या तिथे अडवायचं, आणि अडवणाऱ्याला कुणी फितूर म्हणायचं नाही. मला तसं कोणी शिकवलं असतं तर मी उठून मागच्या खोलीत गेले असते का? खात्रीने सांगवत नाही. पण माझ्यासारखी एखादी त्या ठाण्यांतही असेल, कोपऱ्यात बसून लिहिणारी. तिला भेट. साहेबासमोर विचारू नकोस, तिची ड्यूटी सुटल्यावर बाहेर विचार. लगेच बोलणार नाही. दुसऱ्यांदा जा.

मला तुझा अभिमान वाटतो. गुरुवारी हे म्हणायला हवं होतं आणि मी भलतंच बोलले. भीती वाटते तीही खरी. तू परक्या मुलखातला, सावळा, आणि रात्री पोलिसांच्या गाडीत बसून फिरणार म्हणतोस. व्हिसाचे कागद पाकिटात ठेवू नकोस, वर समोर ठेव, म्हणजे हात खाली न्यायला नको. परत तेच लिहिलं.

बुधवारी तुझी पहिली रात्र ना? मध्यरात्री घरी पोचलास की नुसता मिस्ड कॉल दे. इथे तेव्हा सकाळचे साडेनऊ असतात, मी ओट्यापाशी असते.

तुझी,
आई

ता. क. मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवतेय. मृणालला सांग, या वेळी पिठात मीठ घातलेलं नाही.