१० पैकी ८ : बालरुग्ण विभागातील सिस्टरांना आभाराचे पत्र

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सहा वर्षांच्या मुलाला पोटात दुखते म्हणून रात्री आपल्या विभागात आणले, तेव्हा तो रडत नव्हता आणि म्हणूनच आम्हा सर्वांना दुखणे किरकोळ वाटत होते. आपण मात्र त्याने पोटाशी घेतलेले गुडघे आणि खोकताना आवळलेले ओठ पाहिलेत, सहा चेहऱ्यांचा तक्ता त्याच्यापुढे धरलात आणि ‘किती दुखतंय तेवढंच दाखव’ म्हणालात. हसऱ्या नव्हे, तर वेदनेच्या त्या चेहऱ्यांना ०, २, ४ असे १० पर्यंत गुण असतात; त्याने पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवले, म्हणजे १० पैकी ८. तो आकडा केसपेपरवर नोंदवून आपण लगेच डॉक्टरांना कळवलेत.

सर्जन येईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, दुखणे दबले तर निदान कसे होणार, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह होता, आणि एके काळी डॉक्टरही तसेच मानत. वेदना कमी झालेले मूल उलट नीट तपासू देते आणि अपेंडिक्सच्या निदानाला त्याने बाधा येत नाही, हे डॉक्टरांनी व आपण न चिडता समजावलेत. (१९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना फारशा कळत नाहीत असे मानून पुरेशा भुलेविना शस्त्रक्रिया होत, आणि डॉ. कंवलजीत आनंद यांच्या १९८७च्या संशोधनाने त्या समजुतीला धक्का दिला, हे मी पुढे वाचले. त्यापुढे आमचे अज्ञान फारच साधे म्हणायचे.)

सुई टोचण्याची जागा सुन्न करणारे मलम सुमारे तासभर आधी लावावे लागते आणि तेवढा वेळ नव्हता. तरीही सलाइनची सुई लावताना चौघांनी हातपाय दाबून न धरता आपण त्याला माझ्या मांडीवर बसवलेत, ‘मुंगी चावेल’ असे खोटे न सांगता ‘टोचेल, पण मी दहा म्हणेपर्यंतच’ म्हणालात आणि खरोखर दहाच्या आत काम उरकलेत. शिरेतून पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाने तक्ता घेऊन आपण पुन्हा आलात. तो झोपला होता, तरी झोप म्हणजे आराम असे न धरता आपण त्याचा श्वास आणि चेहरा पाहिलात.

अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना, पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीचे मिळते म्हणून आपण चमच्यांत नव्हे, तर वजनानुसार मिलीमध्ये मात्रा लिहून दिलीत आणि दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवण्यास बजावलेत. त्या कागदाबद्दल वेगळे आभार मानते, कारण घरातल्या बाटलीवरची ताकद आम्ही त्याआधी कधी वाचलीच नव्हती.

आपली कृतज्ञ,
एक आई