यंत्राने कोणाला बाकावर बसवू नये

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

कॅज्युअल्टीत आधी कोणाला पाहायचे, १०८ची गाडी आधी कुठे धाडायची, हे सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता आरोग्यसेवेत येऊ लागली आहेत. ती नकोत, असे मी म्हणत नाही. रात्रपाळीला डॉक्टर एकच आणि बाहेर ओळ लागलेली, अशा वेळी मदत हवीच असते. मागणे एवढेच, की यंत्राला रुग्णाचा क्रम वर नेण्याची मुभा द्या, खाली ढकलण्याची नको. एक वर गेला की दुसरा खाली जातोच, हे खरे. पण खाली जाणाऱ्याला निदान एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असावे.

मण्यार चावलेल्या रुग्णाचेच घ्या. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दाताची खूण बऱ्याचदा सापडत नाही, सूज नसते. तो पोटात कळ येते म्हणून उठतो आणि घरचे पित्त समजतात. ग्रामीण रुग्णालयातला मुरलेला डॉक्टर आधी त्याच्या पापण्या पाहतो आणि 'रात्री कुठे झोपला होतास?' असे विचारतो. पापण्या मिटू लागल्या की काही तासांत श्वास थांबू शकतो. शहरी रुग्णालयांच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राला हा प्रश्न सुचेल, याची हमी कोण देणार? पोटदुखी, रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ठीक, एवढ्यावर ते त्याला थांबायला सांगू शकते. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना सापडला, तोही इथलेच रुग्ण पाहून.

अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात असलेले सेप्सिसची, म्हणजे संसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेची, आगाऊ सूचना देणारे एक साधन मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून सुटल्याचे आढळले. वापर आधी झाला, स्वतंत्र तपासणी नंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा ठेवा. मेळघाटातून कोरकूत किंवा भामरागडमधून माडियात बोलणाऱ्या घाबरलेल्या आईचा फोन त्या यंत्राला कळतो का, हे खरेदीआधीच तपासले जावे.

चूक झाली तर केसपेपरवर सही वैद्यकीय अधिकाऱ्याची असते, कंपनीची नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणसाची देखरेख आणि उत्तरदायित्व दोन्ही आहेत. ती निविदेच्या अटींत उतरवा. सल्ला नाकारणाऱ्या डॉक्टरला नंतर कारणे दाखवा नोटीस येणार नाही, हेही लेखी द्या. नाहीतर भीतीपोटी सगळे यंत्राचेच ऐकतील.

बेशुद्ध रुग्ण संमती देऊ शकत नाही. जिवावर बेतले असताना उपचारांसाठी त्याची माहिती संमतीविना वापरायला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाव देतो, आणि ते योग्यच आहे. त्याच माहितीवर कंपनीने आपले उत्पादन शिकवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी शुद्धीवर आल्यावर त्याला विचारावे.

कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्याच्या चाचणीत किती गंभीर रुग्ण सुटले, ते जिल्हावार आणि मराठीत जाहीर करावे, ही विनंती.

आपला नम्र,
ग्रामीण रुग्णालयातील एक वैद्यकीय अधिकारी