‘पाठ बघितलीस का?’ विचारणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

तुमच्या निरोपाच्या दिवशी बोलायचं ठरवलं होतं. पण चार नंबर बेडला नेमकं तेव्हाच इंट्युबेट करावं लागलं (श्वासाची ट्यूब घालावी लागली) आणि तुमच्या पार्टीचा समोसा मी संध्याकाळी गार खाल्ला. म्हणून हे पत्र, सगळ्यांदेखत.

आयसीयूत मला जेमतेम दोन महिने झाले होते. ब्रेडन स्केल म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, बेडसोअरचा, धोका मोजायचा तक्ता; आकडा जितका कमी तितका धोका जास्त. तो भरायचा म्हणजे रात्रीच्या सिस्टरने लिहिलेला आकडा पुढच्या रकान्यात उतरवायचा, एवढीच माझी समज. त्या सकाळीही १४ शेजारी १४ लिहिले. तुम्ही फाइल पाहिलीत आणि एवढंच विचारलंत, “पाठ बघितलीस का?” मग मावशींना हाक मारून आपण त्या काकांना कुशीवर घेतलं. व्हेंटिलेटर, सिडेशन (गुंगीचं औषध), बीपी टिकवायला नॉरअ‍ॅड चालू. काका काळेसावळे, त्यामुळे माकडहाडापाशी मला काहीच दिसेना. तुम्ही माझा हात उलटा करून तिथे टेकवलात. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम होती, दाबली तर घट्ट लागत होती. “गोऱ्या कातडीवर लाली दिसते, बोट दाबून सोडलं तरी जात नाही. इथे लालीची वाट बघत बसलीस तर थेट जखमच दिसेल.” पुन्हा स्कोअर काढला, १० आला. चौदा हा आकडा काका बोलत होते तेव्हाचा, भरतीच्या दिवसाचा. श्वासाची ट्यूब घातल्यावरही तो कुणी बदलला नव्हता.

त्यानंतर सुरू झाली ती दुपारच्या हँडओव्हरनंतरची वीस मिनिटं. घरी जायच्या वेळेला थांबवता म्हणून आम्ही मागे कुरकुरायचो, हे आता सांगायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही मला रिकाम्या बेडवर झोपवलंत, डोक्याकडचा भाग ४५ अंश वर, हलायचं नाही. थोड्या वेळाने मी खाली घसरायला लागले. पाठीची कातडी चादरीला धरून आणि आतलं हाड मात्र खाली चाललेलं. यालाच शिअर म्हणतात हे कॉलेजात पाठ केलं होतं, कळलं त्या बेडवर. व्हेंटिलेटरच्या पेशंटचं डोकं वर ठेवावंच लागतं, म्हणून मी आजही आधी गुडघ्याकडचा भाग उचलते, मग डोक्याकडचा.

एकाच पेशंटचा स्कोअर तिघींनी वेगवेगळा काढायचा, हा तुमचा खेळ सगळ्यात भारी. १२, १५, १०! ओलाव्याच्या रकान्यावरून तर भांडणं व्हायची. आमच्यातलीच एक वैतागून म्हणाली होती, “इथे सगळेच १८ च्या खाली, म्हणजे धोक्यातच, मग भरायचं कशाला?” तुम्ही म्हणालात, बेरीज विसरा, सहापैकी कुठली ओळ खाली गेलीय ते बघा. ओलावा असेल तर चादर आणि डायपर बघा, पोषण असेल तर फीड का थांबलंय ते डॉक्टरांना विचारा, हालचाल असेल तर कूस बदला. एकटा आकडा काही करत नाही.

टाचांखालचे पाणी भरलेले ग्लोव्हज तुम्ही स्वतः कचऱ्यात टाकलेत आणि पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायला शिकवलीत. लाल जागेवर पावडर लावून चोळणं बंद केलंत. मास्कखालचं नाक आणि ट्यूबच्या दोरीखालचा ओठाचा कोपराही बघायला लावलात. त्याआधी बेडसोअर म्हणजे फक्त पाठ, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एका गोष्टीवर मात्र मी अजून भांडेन. रात्री एका सिस्टरकडे तीन व्हेंटिलेटर असले की दर दोन तासांनी कूस बदलणं कागदावरच शक्य असतं. पण त्यावरही तुम्ही सांगितलेलं मी पाळते. वळवता आलं नाही तर ‘वळवलं नाही, बीपी पडत होतं’ असंच लिहिते, खोटी सही करत नाही. त्यावरून दोनदा बोलणी खाल्लीत.

काका वॉर्डात गेले तेव्हा पाठ शाबूत होती. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात, म्हणून सांगायचं राहिलं होतं.

आणि हो, टाच मागून बघायचा तुमचा तो छोटा गोल आरसा माझ्या एप्रनच्या खिशात आहे. स्टोअरमध्ये हरवला असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. परत मागू नका.

तुमची,
बेड नंबर चारवाली