ऑगस्टातली कणसं

मा. संपादक,
स. न.

डिसेंबर लागला की सगळ्याच वृत्तपत्रांना गोव्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेची आठवण होते. जुन्या गोव्यातली सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताची, म्हणजे सणाची, गर्दी, नाताळचे तारे, गोठे. मग कार्निव्हल (त्याचा आणि श्रद्धेचा संबंध किती, ते आम्हां घरच्यांना विचारा!). त्यानंतर वर्षभर आमची इगर्ज, म्हणजे चर्च, जणू कुलूपबंद. माझ्यापुरतं विचाराल तर वर्षातला सगळ्यात नवा दिवस ५ ऑगस्ट.

माझं माहेर डिचोलीचं, शिक्षण मराठी शाळेत. लग्न होऊन दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत, राय गावी आले. इथली इगर्ज हिमाच्या सायबिणीची, म्हणजे मारिया मातेची. रोममध्ये भर ऑगस्टात बर्फ पडला अशी कथा आहे, त्यावरून हे नाव. रायला त्या दिवशी पडतो तो पाऊसच. छत्र्या सावरत लोक शेताकडे निघतात, भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो आणि पहिली कणसं वाजतगाजत इगर्जीत येतात. ताळगावात हेच कणसांचं फेस्त २१ ऑगस्टला असतं.

ते कणीस हातात घेऊन बघा. हिरवंगार, दाणा नखानं दाबला तर दूध येतं. कापणीला अजून अवकाश असतो. मधल्या दिवसांत पावसानं भात आडवं होईल, रानडुकरं शिरतील, काहीही होईल. तरी आभाराची मीस (चर्चमधली प्रार्थना) आधीच होऊन जाते! पीक कोठारात पडल्यावर देवाचे आभार कुणीही मानील. हे असं आधी मानायचं म्हणजे छातीच लागते.

आमची मांय, म्हणजे सासूबाई, गेल्या वर्षीचं वाळकं कणीस घरच्या आल्तारावरून (देव्हाऱ्यावरून) काढून दाणे चिमण्यांना टाकायची, नवं खोवायची आणि तशीच चुलीकडे धावायची, कारण तिकडे वण (गोड खीर) उतू जात असे. नव्या भाताचे चार दाणे सोलून त्यात पडलेच पाहिजेत. माझा मुलगा आखातातली नोकरी सुटून घरी बसला, त्या वर्षीही तिनं हेच केलं. त्याला उपदेश केला नाही. पुढ्यात वणाची वाटी ठेवली आणि म्हणाली, "खा, नवं आहे." माहेरी गणेशचवथीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, शेजारच्या हिंदू काकी आम्हालाही कणसं द्यायच्या, आई ती खुरसाला (क्रुसाला) लावायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता पडीक शेतं वाढली, हे खरंच. भातापेक्षा गवत उंच. पण आमच्या वाड्यावरच्या पोरांनी गेल्या पावसात एक पडीक तुकडा लावला. मिशीला उशिरा येऊन दाराशी उभी राहणारी हीच पोरं (विगार, म्हणजे आमचे पाद्री, त्यांच्यावर वैतागलेले असतात) गुडघाभर चिखलात उतरली होती. चर्चच्या पंचांगात ह्या दिवसांना सामान्य काळ म्हणतात. ना उपास, ना रोषणाई. माझ्या मते आमची श्रद्धा खरी जगते ती ह्याच दिवसांत.

तेव्हा यंदा आपला छायाचित्रकार नाताळआधी एकदा ऑगस्टातही पाठवावा. चपला मात्र जुन्या घालून येऊ दे. आमच्या मेरांवरून (शेताच्या बांधांवरून) नव्या चपला शाबूत परत जात नाहीत.

आपली,
एक वाचक, राय (सासष्टी)